उष्ण प्रदेशातील शिराझ : वाइनची चव आणि काढणीचा दिवस

बेंगळुरूच्या उत्तरेस, नंदी डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या दोड्डबळ्ळापूर परिसरात फेब्रुवारी संपत आला की वाइन द्राक्षांच्या बागांमध्ये दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो. घड आज काढावेत, की आणखी आठवडाभर थांबावे? गोडी मोजणारे उपकरण बहुधा ‘काढा’ असे सांगत असते, परंतु मण्याची साल आणि बी अजून तयार झालेली नसते. थांबल्यास मण्यांचे वजन घटते, आम्लता उतरते आणि किडींचा धोका वाढतो. न थांबल्यास वाइन कच्ची व तुरट होते. शिराझ या काळ्या जातीच्या बाबतीत हा पेच इतर जातींपेक्षा अधिक तीव्र असतो आणि त्याची किंमत बागायतदार व वाइनरी या दोघांनाही मोजावी लागते.

वाइनची चव ही वाइनरीत ठरणारी बाब आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. प्रत्यक्षात पेल्यातील बहुतेक गुणदोषांचा उगम बागेत असतो. उष्ण प्रदेशातील शिराझचा स्वभाव कोणता, तो कशामुळे घडतो आणि काढणीचा निर्णय घेताना बागायतदाराने कोणत्या खुणा पाहाव्यात, याची चर्चा प्रस्तुत लेखात केली आहे.

जातीची ओळख

शिराझ हे नाव इराणमधील शिराझ शहरावरून आले आणि ही जात तेथूनच युरोपात गेली, अशी आख्यायिका दीर्घकाळ प्रचलित होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डेव्हिस केंद्र आणि फ्रान्समधील माँपेलिए येथील संशोधकांनी १९९८ च्या सुमारास केलेल्या डीएनए तपासणीने ती निकालात काढली. द्यूरेझा ही काळी आणि माँद्यूझ ब्लांश ही पांढरी, अशा आग्नेय फ्रान्समधील दोन जुन्या जातींच्या नैसर्गिक संकरातून शिराझ निर्माण झाली आहे. फ्रान्समध्ये तिला ‘सिराह’ म्हणतात. जेम्स बस्बी यांनी १८३२ मध्ये युरोपातून द्राक्षाच्या अनेक जातींच्या काड्या ऑस्ट्रेलियात पाठविल्या, त्यांत ही जातही होती. तेथील उष्ण, कोरड्या हवामानात ती उत्तम रुजली आणि ‘शिराझ’ या नावाने ओळखली जाऊ लागली. आज अनेक उत्पादक थंड प्रदेशातील मिरीच्या गंधाच्या, सडपातळ शैलीच्या वाइनला ‘सिराह’ आणि उष्ण प्रदेशातील पिकल्या फळांच्या, भरीव शैलीच्या वाइनला ‘शिराझ’ म्हणतात. जात मात्र एकच आहे.

या जातीच्या इतिहासात एका किडीचाही वाटा आहे. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या मुळांवरील सूक्ष्म किडीने फ्रान्समधील द्राक्षशेती उद्ध्वस्त केली. अमेरिकन जातींच्या खुंटांवर कलमे करूनच ती पुन्हा उभी राहिली. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतातही ही कीड १८७७ मध्ये पोहोचली. दक्षिण ऑस्ट्रेलियाने मात्र काटेकोर बंदी पाळून तिला दूर ठेवले. त्यामुळे तेथील बरोसा खोऱ्यात १८४० च्या दशकात स्वतःच्या मुळांवर लावलेल्या शिराझच्या वेली आजही फळ देतात. भारतात खुंटाचा वापर होतो तो प्रामुख्याने पाण्याचा ताण आणि क्षारता यांवर मात करण्यासाठी. खुंटाची ही निवड वाइनच्या चवीपर्यंत कशी पोहोचते, हे पुढे येईल.

बेंगळुरू परिसर : तेरा अंशांवरील द्राक्षबाग

बेंगळुरू आणि द्राक्ष यांचे नाते जुने आहे. ‘बंगलोर ब्ल्यू’ या स्थानिक द्राक्षाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परंतु ते अमेरिकन कुळातील लॅब्रुस्का प्रकाराचे द्राक्ष असून त्याचा उग्र, गोडसर गंध कोरड्या टेबल वाइनला मानवत नाही. युरोपीय वाइन जातींची पद्धतशीर लागवड नंदी डोंगराच्या परिसरात झाली ती कंवल ग्रोव्हर यांच्या पुढाकाराने. फ्रान्समधील शॅम्पेन प्रदेशाचे तज्ज्ञ जॉर्ज व्हेसेल यांच्या साहाय्याने विविध जातींच्या चाचण्या घेतल्यानंतर १९८८ मध्ये ग्रोव्हर व्हिनयार्ड्स ही संस्था उभी राहिली. कॅबर्ने सॉव्हिन्यों आणि शिराझ यांच्या मिश्रणातून झालेली तिची ‘ला रिझर्व्ह’ ही वाइन भारतीय लाल वाइनच्या प्रवासातील महत्त्वाचा टप्पा मानली जाते. महाराष्ट्राने २००१ मध्ये आणि कर्नाटकाने २००७ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर केले. त्यानंतर दिंडोरी, नाशिक, सोलापूर आणि सीमेपलीकडील कृष्णा खोरे या भागांतही शिराझचे क्षेत्र वाढले.

जगातील बहुतेक वाइन द्राक्षे ३० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यात पिकतात. बेंगळुरू १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे वेलीला कडक हिवाळा लाभत नाही, म्हणून ती पूर्ण विश्रांती घेत नाही. खरड छाटणी आणि फळछाटणी अशा दोन छाटण्यांनी तिचे वर्ष आखून द्यावे लागते. पावसाळा टाळून ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी केली की घड फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तयार होतात. युरोपात द्राक्ष पिकते तेव्हा ऋतू थंडीकडे झुकत असतो. आपल्याकडे ते उन्हाळ्याच्या दिशेने पिकते. पक्वतेचा प्रत्येक पुढचा आठवडा आधीच्या आठवड्यापेक्षा उष्ण असतो. येथील शिराझचा स्वभाव समजून घेताना ही बाब प्रथम ध्यानात घ्यावी.

या उष्णतेला उंचीने काही प्रमाणात आवर घातला आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीमुळे बेंगळुरूत फेब्रुवारीतील सरासरी कमाल तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि किमान १७ अंशांच्या आसपास राहते. मार्चमध्ये हेच आकडे साधारण ३३ आणि २० अंशांच्या जवळ जातात. म्हणजे फेब्रुवारीतील रात्र आणि मार्चअखेरची रात्र यांत मण्याच्या दृष्टीने मोठा फरक पडतो.

रसास्वाद : मराठी जिभेला परिचित खुणा

वाइनचे परीक्षण रंग, गंध, चव आणि मागे रेंगाळणारी चव या क्रमाने होते. व्यावसायिक परीक्षक घोट तोंडात फिरवून थुंकून टाकतात, कारण उद्देश मूल्यमापनाचा असतो. परीक्षणाची प्रचलित परिभाषा युरोपातील फळांवर बेतलेली आहे. ब्लॅकबेरी किंवा ब्लॅककरंट न चाखलेल्या बागायतदाराला ती परकी वाटणे स्वाभाविक आहे. तथापि शिराझचे बहुतेक गुण आपल्या परिचयाच्या पदार्थांतून ओळखता येतात.

रंगाच्या दृष्टीने तरुण शिराझ पिकल्या जांभळासारखी गडद असते आणि पेला तिरका धरल्यास तिच्या कडेला जांभळट झाक दिसते. वय वाढते तशी ही झाक विटकरी होते. तरुण वाइनमध्येच विटकरी छटा दिसल्यास अति उष्णता, उंच सामू किंवा हवेचा अवाजवी संपर्क यांची शंका घ्यावी.

गंधाच्या दृष्टीने उष्ण प्रदेशातील शिराझ प्रथम फळांनी भेटते. जांभूळ, करवंद, तुती आणि काळे मनुके हे तिचे जवळचे नातलग होत. फळ अधिक पिकले की मुरंबा, खजूर आणि काळा गूळ यांच्याकडे झुकणारा गंध येतो. ओकच्या पिंपात मुरलेल्या वाइनमध्ये लवंग आणि व्हॅनिला यांची भर पडते. अमेरिकन ओक वापरल्यास ओल्या नारळाची आठवण करून देणारा गंध येतो. तो द्राक्षाचा नसून लाकडातील लॅक्टोन या घटकाचा असतो. परीक्षकाने पिंपाचे श्रेय बागेला देऊ नये.

चवीत तीन बाबी तपासाव्यात. पहिली आम्लता. तिने जिभेच्या कडांना पाणी सुटते. दुसरी तुरटपणा, म्हणजे टॅनिन. कच्च्या जांभळाने किंवा कोऱ्या कडक चहाने हिरड्या जशा आवळल्या जातात, तसा कच्च्या टॅनिनचा अनुभव असतो. पिकलेले टॅनिन मखमलीसारखे पसरते. तिसरी बाब अल्कोहोलची ऊब. ती घशात जाणवते आणि फळाच्या भरीवपणाने तोलली गेली नाही तर जळजळ ठरते. उष्ण प्रदेशातील चांगली शिराझ भरीव, मऊ आणि उबदार असते. तिच्यातील आम्लता सौम्य असली तरी ती पूर्णपणे हरवलेली नसावी. हरवल्यास वाइन पहिल्या घोटाला गोडसर आणि आकर्षक वाटते, पण दुसऱ्या घोटाला जड व निस्तेज भासते.

लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी, हा संकेत युरोपातील थंड घरांचा आहे. शिराझसाठी १६ ते १८ अंश तापमान योग्य ठरते. मार्चमधील आपल्या खोलीत ती थेट ओतल्यास अल्कोहोलच पुढे येते आणि बागेतील चांगले काम झाकले जाते.

मिरीचा गंध आणि शेतातील लव्हाळा

शिराझची जगभरची ओळख काळ्या मिरीच्या गंधाशी जोडलेली आहे. हा गंध कशाचा, हे ऑस्ट्रेलियन वाइन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवून दिले. रोटंडोन या सेस्क्विटर्पीन वर्गातील रसायनामुळे तो येतो आणि हेच रसायन मिरीलाही तिचा गंध देते. एक लिटर लाल वाइनमध्ये केवळ १६ नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे अब्जांश असे १६ भाग असले तरी ते जाणवते. विशेष म्हणजे त्या चाचणीतील सुमारे एकपंचमांश व्यक्तींना खूप अधिक प्रमाणातही त्याचा गंध आला नाही. एकाच पेल्याबद्दल दोन परीक्षकांचे मत भिन्न का असते, याचे एक कारण येथे मिळते.

या रसायनाचे नाव मराठी शेतकऱ्याला अगदी जवळचे आहे. ‘सायपेरस रोटंडस’ म्हणजे लव्हाळा किंवा नागरमोथा. बागेत खुरपून खुरपून हात दुखवणारे हेच तण. त्याच्या गाठींतील तेलावर सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले संशोधन १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. रोटंडोनची पहिली ओळख या तणातून झाली आणि नावही त्यावरूनच पडले. वेलीखाली उगवणाऱ्या लव्हाळ्याचा गंध द्राक्षात उतरतो, असा अर्थ मात्र यातून काढू नये. वेल हे रसायन स्वतः मण्याच्या सालीत तयार करते.

उष्ण प्रदेशाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब पुढे आहे. ऑस्ट्रेलियातील निरीक्षणांनुसार पक्वतेच्या काळात घडाचे तापमान जितके अधिक तास २५ अंशांच्या वर राहते, तितके रोटंडोन कमी होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बेंगळुरूतील दुपार नेहमीच या मर्यादेच्या वर असते. म्हणून येथील शिराझमध्ये मिरी मंद आणि फळ ठळक असणे हे निसर्गाला धरून आहे. थंड प्रदेशाच्या मापाने तिला उणी ठरविणे योग्य नव्हे. मात्र घडांवर पानांची योग्य सावली राखल्यास मिरीची हलकी झाक टिकण्यास मदत होते.

गोडी आणि पक्वता यांची फारकत

मण्यात पाणी उतरले आणि रंग सुटला की चार प्रक्रिया एकाच वेळी सुरू असतात. साखर भरते, आम्ल घटते, सालीत रंगद्रव्ये साठतात आणि टॅनिन पिकते. थंड प्रदेशात या चारही जवळपास बरोबरीने चालतात. उष्णतेत मात्र त्यांची गती बदलते. साखर लवकर भरते. मॅलिक आम्ल श्वसनात वेगाने खर्च होते, टार्टारिक आम्ल तुलनेने टिकून राहते. रंगद्रव्ये मागे पडतात आणि तापमान ३५ अंशांच्या पलीकडे गेल्यास त्यांची निर्मिती मंदावून विघटनही होते. बरोसा खोऱ्यात शिराझ व कॅबर्ने फ्रांक या जातींवर झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. वाढत्या तापमानाने साखर आणि रंग यांचा मेळ तुटतो, हे त्यांतून दिसून आले.

आम्लता उतरण्याचे परिणाम चवीपुरते नसतात. रसाचा सामू ३.२ वरून ३.८ वर गेल्यास सूक्ष्मजीवांपासून तितकेच संरक्षण मिळविण्यासाठी सुमारे चौपट मुक्त सल्फर डायऑक्साइड लागतो. उंच सामूची वाइन लवकर बिघडते आणि तिचा रंगही निस्तेज दिसतो. टार्टारिक आम्ल घालून दुरुस्ती करणे उष्ण प्रदेशांत प्रचलित आहे, परंतु ती मर्यादेतच शोभते.

येथे खुंटाचा संबंध येतो. डॉगरिज हा खुंट पाण्याच्या ताणात वेलीला तारतो, म्हणून तो दक्षिण भारतात सर्वदूर पोहोचला. तथापि तो पोटॅशियम अधिक उचलणाऱ्या खुंटांपैकी आहे. रसात पोटॅशियम वाढले की टार्टारिक आम्लाचे क्षार बनून सामू वर जातो. वाइन द्राक्षांसाठी ११० रिश्टर यासारखे पर्याय पाहताना आणि पालाशयुक्त खतांची मात्रा ठरविताना देठपरीक्षणाचा आधार घेणे म्हणूनच हिताचे आहे.

मणी सुकतो, वजन घटते, भार कोणावर?

शिराझचे एक वैशिष्ट्य इतर बहुतेक जातींत इतक्या प्रमाणात आढळत नाही. फुलोऱ्यानंतर साधारण ९० ते १०० दिवसांनी तिच्या मण्याचे वजन सर्वाधिक असते. त्यानंतर गरातील पेशी मरू लागतात, मण्याकडे येणारा पाण्याचा प्रवाह मंदावतो, बाष्पीभवन मात्र सुरूच राहते. परिणामी मणी सुरकुततो. आत पाणी कमी झाल्याने उरलेला रस अधिक गोड होतो. उपकरण गोडी वाढल्याचे दाखविते, पण वेलीने साखर भरलेली नसते. केवळ पाणी उडालेले असते.

हा फरक ओळखण्याची रीत सोपी आहे. बागेच्या निरनिराळ्या भागांतून १०० मणी गोळा करून त्यांचे वजन आणि ब्रिक्स यांची एकत्र नोंद ठेवावी. समजा, एका दिवशी १०० मण्यांचे वजन १२० ग्रॅम आणि ब्रिक्स २२ आहे. साखर झाली सुमारे २६.४ ग्रॅम. आठवड्याने वजन ११० ग्रॅम आणि ब्रिक्स २४ भरले. साखर पुन्हा तेवढीच, २६.४ ग्रॅम. याचा अर्थ साखर भरणे थांबले असून मणी सुकू लागला आहे.

आता व्यवहार पाहू. समजा, एखाद्या बागेत २२ ब्रिक्सला ५ टन द्राक्ष होते. थांबल्याने वजन १० टक्के घटले तर ४.५ टन उरेल आणि ब्रिक्स सुमारे २४.४ होईल. एक ब्रिक्समागे साधारण ०.५५ ते ०.६ टक्के अल्कोहोल धरल्यास वाइनचे अल्कोहोल सुमारे १२.५ वरून १४ टक्क्यांच्या आसपास जाईल. वाइनरीला अपेक्षित भरीव शैली मिळेल. दर मात्र किलोमागे तोच राहिला तर बागायतदाराचे ५०० किलो हवेत गेले. हे नुकसान भरून निघण्यासाठी दर सुमारे ११ टक्क्यांनी वाढावा लागेल. म्हणजेच पेल्यातील ज्या गुणाचे कौतुक होते, त्याची किंमत बागेतील वजनातून दिली जाते. करारात याचा विचार नसेल तर बागायतदार लवकर काढणीचा आग्रह धरणार आणि वाइन कच्ची राहणार, हे उघड आहे.

थांबण्याला अर्थ नाही, असे मात्र नव्हे. साखर भरणे थांबल्यानंतरच गंध खऱ्या अर्थाने पिकतो. दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलियातील अनुभवानुसार त्यानंतर साधारण दोन आठवड्यांच्या सुमारास शिराझमध्ये ताज्या फळांचा गंध येतो आणि तीन आठवड्यांच्या पुढे तो मुरंबा-खजुराकडे वळतो. बेंगळुरूच्या मार्चमध्ये हा काळ किती असावा, हे प्रत्येक बागेने स्वतःच्या नोंदींतून ठरवावे. ‘साखर थांबली’ हा दिवस नोंदवहीत असेल तरच पुढचे दिवस मोजता येतात.

थांबण्याच्या काळातील किडी

काढणी लांबविण्याचा प्रत्येक दिवस किडींनाही मिळतो. उष्णता वाढू लागताच पिठ्या ढेकूण खोडाच्या सालीखालून घडांकडे सरकतो. त्याच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते आणि असा घड वाइनसाठी निरुपयोगी ठरतो. या टप्प्यावर रासायनिक फवारणी केल्यास काढणीपूर्व प्रतीक्षा काळ पाळता येत नाही. म्हणून नियोजन आधीच करावे लागते. खरड छाटणीनंतर खोडाची सैल साल काढावी आणि ती बागेबाहेर नेऊन नष्ट करावी. मुंग्या या किडीचे शत्रूंपासून रक्षण करतात, म्हणून खोडाला चिकट पट्टे बांधून त्यांची वाट अडवावी. क्रिप्टोलीमस माँट्रोझिएरी हा ऑस्ट्रेलियन परभक्षी भुंगेरा १८९८ मध्ये कॉफीवरील किडीसाठी भारतात आणला गेला. बेंगळुरू परिसरातील द्राक्षबागांत पिठ्या ढेकणावर त्याची उपयुक्तता सिद्ध झाली आहे. दर वेलीस साधारण १० भुंगेरे या प्रमाणात, घडांत कीड शिरण्यापूर्वी त्याचे प्रसारण करावे आणि त्यानंतर त्याला मारक ठरणारी कीटकनाशके टाळावीत.

सुरकुतलेल्या किंवा पक्ष्यांनी टोचलेल्या मण्यांवर फळमाश्या जमतात. त्यांच्यासोबत ॲसिटिक आम्ल तयार करणारे जीवाणू येतात आणि वाइनमध्ये व्हिनेगरचा दर्प उतरतो. काढणीच्या वेळी असे मणी बागेतच वेगळे करावेत.

भुरीसाठी वापरलेल्या गंधकाचेही भान ठेवावे. काढणीच्या जवळ फवारलेले गंधक मण्यांवर राहिल्यास किण्वनाच्या वेळी यीस्ट त्याचे हायड्रोजन सल्फाइडमध्ये रूपांतर करते आणि वाइनला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. बागेतील एका उशिरा झालेल्या फवारणीने जांभळाचा गंध अशा प्रकारे झाकला जातो.

काढणीपूर्वीची तपासणी

घडात रंग पूर्ण सुटल्यानंतर दर चार दिवसांनी, पुढे दर दोन दिवसांनी पुढील नोंदी कराव्यात :

१. १०० मण्यांचे वजन व ब्रिक्स. दोहोंच्या गुणाकारावरून साखर भरणे सुरू आहे की थांबले, हे ठरवावे.
२. रसाचा सामू व आम्लता. सामू ३.६ च्या पुढे वेगाने सरकू लागल्यास थांबण्याचा निर्णय पुन्हा तपासावा.
३. साल चावून पाहावी. रंग जिभेवर सहज उतरावा आणि तुरटपणा खरखरीत नसावा.
४. बी पाहावी व चावावी. हिरवी, कडू बी म्हणजे कच्चे टॅनिन. तपकिरी, कुरकुरीत बी ही पक्वतेची खूण.
५. गराची चव घ्यावी. ताजे जांभूळ-करवंद जाणवते की मनुका, हे नोंदवावे.
६. पश्चिमेकडील उन्हात राहणारे घड वेगळे तपासावेत. एकाच बागेत दोन टप्प्यांत काढणी करावी लागू शकते.

काढणी शक्यतो रात्री किंवा पहाटे करून माल थंड असतानाच वाइनरीत पोहोचवावा. पूर्व-पश्चिम दिशांनुसार पानांची विरळणी वेगवेगळी ठेवावी. सकाळचे ऊन घडांना उपकारक ठरते, तर दुपारनंतरच्या उन्हापासून पानांचे छत्र राखणे आवश्यक असते.

समारोप

उष्ण प्रदेशातील शिराझ ही थंड प्रदेशातील सिराहची दुय्यम प्रत नव्हे. भरीवपणा, पिकल्या जांभळाचा गंध, मऊ तुरटपणा आणि सौम्य आम्लता हा तिचा स्वतःचा स्वभाव आहे. या स्वभावाला ताजेपणाची जोड मिळते की तो मुरंब्यासारखा जड होतो, हे बहुधा मार्चमधील आठ-दहा दिवसांत ठरते. ते दिवस नेमके ओळखण्यासाठी केवळ गोडीचे उपकरण पुरेसे नाही. वजनकाटा, सामूमापक आणि बागायतदाराची स्वतःची जीभ या तिन्हींची साथ लागते.

त्याचबरोबर थांबण्याचा खर्च कोणी उचलायचा, हे हंगामापूर्वीच ठरले पाहिजे. केवळ वजन व ब्रिक्स यांवर दर ठरविण्याऐवजी १०० मण्यांचे वजन, सामू आणि घडांचे आरोग्य यांचा करारात समावेश केल्यास सुकलेल्या मण्यांचा भार एकट्या बागायतदारावर पडणार नाही, आणि वाइनरीलाही हवी ती पक्वता वादाविना मिळेल. तापमान वाढत जाईल तसे हे मोजके दिवस आणखी कमी होणार आहेत. ज्या बागांच्या नोंदवहीत आजपासून या नोंदी होतील, त्यांना तो बदल वेळीच दिसेल आणि छाटणीची तारीख, खुंट व करार यांत योग्य फेरबदल करता येतील.